पुसलेलं आणि भरलेलं

(सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सर आम्हाला नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे. त्यांना गाण्याची आवड होती की नाही, हे आम्हा विद्यार्थ्यांना कधी कळलं नाही. तरीही आज किशोरवयातल्या गाण्यांवर बोलायचं मी ठरवलं, ते त्यांच्यामुळेच. 1987 साली एका दुपारी त्यांनी वर्गात टेपरेकॉर्डर उघडून दाखवला होता. तो तास मी पार विसरून गेले होते. 35 वर्षांनी तो आठवला, आणि माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीचा अर्थ लागला. ती गोष्ट मी आजवर घरातही कुणाला सांगितलेली नाही. आज सांगणार आहे. पण आधी गाण्यांकडे जाऊ.

वडील गेल्यानंतर, 2022 च्या उन्हाळ्यात, सांगलीचं आमचं जुनं घर आवरायला काढलं. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्या घराचा तळमजला कृष्णेच्या पाण्याखाली गेला होता. कपाटं, वह्या, फोटोंचे अल्बम सगळं गेलं. माळ्यावर होतं तेवढं वाचलं. त्यात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा निघाला आणि डब्यात 11 कॅसेटी. पाण्यातून वाचल्या तरी दमट हवेनं त्यांना सोडलं नव्हतं. रिळांच्या कडांवर पांढरी बुरशी आली होती. लेबलांवरचं अक्षर माझं होतं, शाळेतल्या वयाचं, काना-मात्रा ठसठशीत काढलेलं. एकीवर लिहिलं होतं, ‘निवडक 1988’.

तरुण श्रोत्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे गाणी ‘रेकॉर्ड’ करत नसत, गाणी ‘भरत’ असत. कॅसेटच्या दुकानावर पाटी असायची, ‘गाणी भरून मिळतील’. वहीच्या पानावर यादी करायची, कोरी कॅसेट आणि पैसे द्यायचे आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. पाणी भरावं, धान्य भरावं, तशी गाणी भरायची. हे क्रियापद कुणी कोशात बसून ठरवलं नव्हतं. ज्या भाषेत ऊर भरून येतो, जिच्या लग्नघरात घाणा भरला जातो, त्या भाषेनं ते आपसूक उचललं. आणि ते अचूक होतं. त्या चपट्या डबीत आम्ही खरोखरच काहीतरी भरत होतो, आणि ते नुसतं गाणं नव्हतं.

फिलिप्स कंपनीनं 1963 साली ही कॅसेट जगापुढे आणली. आमच्या गावांत ती घरोघर पोचायला आणखी 20 वर्षं लागली. त्याआधी गाणं विकत घेणं म्हणजे ग्रामोफोन आणि तबकड्या घेणं. ते पैसेवाल्यांचं काम. 1980 नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि चित्र पालटलं. गुलशन कुमार यांची टी-सिरीज त्याच काळात उभी राहिली. जुनी गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेऊन विकायला कायद्यात वाट होती, तिचा या कंपनीनं भरपूर उपयोग केला. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं, विठ्ठल उमप यांचा खडा आवाज, भीमगीतं, कोळीगीतं, हे सगळं एस.टी. स्टँडवरच्या टपरीपासून वस्तीतल्या मांडवापर्यंत पोचलं ते कॅसेटवरूनच. कुठलं गाणं ऐकायचं हे आता घरातलं शाळकरी मूलही ठरवू शकत होतं. त्याआधीच्या कुठल्याही पिढीतल्या पोरांना हे जमलं नव्हतं.

मला मात्र दुकानात यादी देण्याइतके पैसे मिळत नसत. घरी वडिलांचा टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्र. ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ ही दोन बटणं एकदम दाबून ‘पॉज’वर बोट ठेवून मी विविध भारतीसमोर बसायची. निवेदक बोलायचा थांबला की बोट उचलायचं. पुष्कळदा निवेदकाचं शेवटचं अर्धं अक्षर कॅसेटमध्ये यायचं, किंवा गाण्याच्या सुरुवातीचे दोन ठोके निसटायचे. ‘कयामत से कयामत तक’ 1988 च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा मी 15 वर्षांची होते. त्या सिनेमाची गाणी पुरती मिळवायला मला चार महिने लागले.

सांगलीच्या बाजारपेठेत अजूनही एक टेप दुरुस्तीवाले आहेत. त्यांच्याकडे मी टू-इन-वन आणि कॅसेटी घेऊन गेले. मशीनचा रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटला होता, तो त्यांनी बदलला. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हेड पुसलं. ‘निवडक 1988’ची फीत दाबून धरणारी कापडी गादी गळून पडली होती, म्हणून अख्खी फीत काढून त्यांनी दुसऱ्या कवचात बसवली. मग बटण दाबलं.

पहिल्या गाण्याआधी निवेदकाचं ते अर्धं अक्षर आलं आणि मला आमच्या ओसरीतल्या फरशीचा गारवा तळपायांना जाणवला. मन आठवायला लागण्याआधी पायांनी आठवलं होतं. गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधीच त्याचा पहिला सूर माझ्या कानात उमटला होता, कारण त्या कॅसेटवर त्या गाण्यानंतर तेच गाणं होतं. हीच गाणी मधल्या 30 वर्षांत मी रिक्षांत, लग्नांत, फोनवर किती वेळा ऐकली असतील. तेव्हा ती फक्त गाणी होती. इथं त्यांचा क्रम होता, त्यांच्या चुका होत्या, आणि त्या क्रमाला नि चुकांना चिकटलेलं माझं पंधरावं वर्ष होतं.

याबद्दल शास्त्र काय सांगतं, ते सरांच्या स्मृतिदिनी सांगितलंच पाहिजे. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या मधल्या आठवणी इतर काळाच्या मानानं फार जास्त निघतात. आलेख काढला तर तिथं उंचवटा दिसतो. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली हा उंचवटा नेमकेपणानं मांडला. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि ‘मी कोण’ याचं उत्तर माणूस त्याच वयात जुळवत असतो, ही त्याची पटणारी कारणं. कॅलिफोर्नियातले पेटर यानाटा यांनी 2009 साली आणखी एक गोष्ट दाखवली. तरुणांना त्यांच्या शाळकरी वयातली गाणी ऐकवली आणि त्याच वेळी मेंदूची छायाचित्रं घेतली. कपाळामागचा मेंदूचा जो मधला भाग स्वतःविषयीच्या विचारांत गुंतलेला असतो, तोच भाग ओळखीच्या, आठवण जागवणाऱ्या गाण्यानं जागा होत होता. त्या वयातलं गाणं ऐकताना आपण गाण्याबरोबर स्वतःलाच ऐकत असतो, हे म्हणणं नुसतं काव्य नाही.

पण मला खरा धक्का दिला तो तिसऱ्या एका प्रयोगानं. कॅरल क्रुमहान्सल यांनी 2013 साली अमेरिकेतल्या विशीच्या मुलामुलींना 1955 पासूनची, दर वर्षी सर्वाधिक गाजलेली गाणी ऐकवली. अपेक्षेप्रमाणे अगदी अलीकडच्या गाण्यांनी त्यांना सर्वांत जास्त आठवणी दिल्या. पण मागे आणखी एक उंचवटा निघाला, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांचा. ती या मुलांच्या आईवडिलांच्या तरुणपणाची गाणी. मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. आईवडिलांनी घरात, गाडीत ती गाणी वाजवली असणार, आणि त्यांच्या तारुण्याचा ठसा पुढच्या पिढीच्या मेंदूवर उमटला. मुलांनी तो मागितला नव्हता. त्यांच्या कानांना पर्यायच नव्हता.

हे वाचलं आणि मला माझे वडील आठवले.

वडील कृष्णाकाठच्या एका खेड्यात वाढले. 1952 साली ते 12 वर्षांचे होते. त्याच वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घराघरांत पोचावं, ही त्यांची तळमळ खरी होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणीची संगीत संमेलनं त्यांच्या काळात सुरू झाली, थोर कलावंतांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. पण सिनेसंगीत त्यांना हलकं वाटे, आणि त्यांच्या काळात ते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. पोरं गप्प बसली नाहीत. महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेलं ताकदवान प्रक्षेपण केंद्र रेडिओ सिलोनला मिळालं होतं. तिथून दर बुधवारी रात्री अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. गावातल्या एका चहाच्या हॉटेलात रेडिओ होता. आत बसायला पैसे नसत, म्हणून वडील आणि त्यांचे मित्र बाहेर अंधारात उभे राहून ऐकत. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. थोरांनी पुसू पाहिलेलं गाणं पोरांनी दुसऱ्या देशातून मिळवलं, हा आपल्या रेडिओच्या इतिहासातला एक मोठा धडा आहे.

आणि त्याच वडिलांच्या आठवणीत 1955 ची रामनवमी होती. पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा ते 15 वर्षांचे होते. माडगूळकरांचे शब्द, बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडके यांचा, स्वर, दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभराहून थोडं अधिक काळ, एकूण 56 गीतं. तेव्हा माझी आजी हॉटेलासमोरच्या पारावर हात जोडून बसायची. बुधवारी सिलोनसाठी अंधारात उभा राहणारा मुलगा त्या दिवशी आईशेजारी बसायचा. दोन्ही गाणी त्याच्यात एकत्र राहिली. पुढे सांगलीच्या घरात दाढी करताना ते दोन्हींतलं काहीतरी गुणगुणायचे, एकातून दुसऱ्यात कधी जायचे ते कळायचं नाही. आज गीतरामायणाचा एखादा सूर कानावर आला की मला साबणाचा फेस आणि पितळी वाटी दिसते. ती माझ्या किशोरवयातली गाणी नव्हेत. मी ती कधी भरून घेतली नाहीत. तरी ती माझ्यात भरली गेली.

आता आजी. आजी मला दिवाळीत आणि मे महिन्यात भेटायची. पिठाची गिरणी गावात केव्हाच आली होती, पण डाळ भरडायला आणि लग्नकार्याला जातं लागे, आणि जातं फिरलं की आजी गायची. ओवी ही बायकांची स्वतःची रचना. खुंट्यावर हात असतो, दगडाच्या घरघरीचा ठेका असतो, आणि भाऊ, माहेर, पंढरी, पाऊसपाणी, सासरचा जाच, जे मनात येईल ते लयीत बसत जातं. लिहून ठेवायचा प्रश्नच नसतो. मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. चाल एकच, आवाज चिरका, आणि संपता संपत नाही. 1984 च्या दिवाळीत काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावानं, कोरी कॅसेट आणली आणि आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या भरल्या. घरात एकच टेप होता, तो आमच्याकडे. म्हणून ती कॅसेटही आमच्याकडे राहिली.

दुरुस्तीवाल्यांनी फीत नव्या कवचात बसवून जुनं रिकामं कवच माझ्या हातात दिलं होतं. दमटपणानं माझं लेबल सुटत आलं होतं. मी ते बोटानं सोलून काढलं. खाली दुसरं लेबल होतं. त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आई, जात्यावर. दिवाळी 84’.

मित्रहो, ‘निवडक 1988’ ही कॅसेट मी आजीच्या ओव्यांवर भरली होती.

आता सरांचा तास सांगते. सरांनी झाकण काढून दाखवलं होतं की टेपरेकॉर्डरमध्ये दोन हेड असतात. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात आणि आवाज त्या कणांच्या चुंबकीय रचनेत लिहिला जातो. फीत एका दिशेनं सरकते. रेकॉर्डिंग सुरू असताना ती आधी एका हेडसमोरून जाते, मग दुसऱ्या. सरांनी आम्हाला विचारलं की यातलं लिहिणारं हेड कोणतं असेल. आम्ही सगळ्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं. सर मानेनंच नाही म्हणाले. पहिलं असतं ते पुसणारं हेड. आधी फीत पुसली जाते, मग लिहिली जाते. मधे अंतर असतं जेमतेम बोटाच्या पेराएवढं. आणि जपून ठेवायची कॅसेट असेल तर तिच्या पाठीवरचे दोन छोटे तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. काकांनी ते तुकडे मोडले नव्हते.

हे सगळं ऐकून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मी ती कॅसेट हातात घेतली. तिच्यात काय आहे हे मला माहीत होतं. लेबल वाचता येत होतं. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते आणि आजी तर गावाला होतीच, हव्या तेव्हा ओव्या म्हणणारी. मी लेबलावर लेबल चिकटवलं, रेडिओसमोर बसले आणि दोन बटणं एकदम दाबली.

आजी 1991 साली गेली. पुढच्या वर्षी तिच्या वर्षश्राद्धाला काकांनी ती कॅसेट मागितली. घरभर शोधाशोध झाली. मी 19 वर्षांची होते. मीही शोधत असल्यासारखं केलं. ‘कुठे गहाळ झाली कोण जाणे,’ असं म्हणून सगळे गप्प बसले. काकांनी त्यानंतर कधी विषय काढला नाही. 2009 मध्ये काकाही गेले. मधल्या वर्षांत मी ते इतकं आत ढकललं होतं की लेबल सोलेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता.

पण खरंच पत्ता नव्हता का? ‘कयामत’ची गाणी कुठेही लागली की गोडव्याबरोबर मला एक अस्वस्थता यायची. तरुणपण सरल्याची हुरहुर असेल, असं मी धरून चालले होते. या निमित्तानं मला कालिदास पुन्हा वाचावासा वाटला. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत आपल्या महालात आहे. दुर्वासांच्या शापानं तो शकुंतलेला विसरला आहे. आतून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं. राजा आपल्याला विसरला, अशी त्या गाण्यात तक्रार आहे. गाणं ऐकून राजा व्याकुळ होतो. प्रिय माणसाचा विरह नसताना असं का व्हावं, हे त्याला उमगत नाही. कॉलेजात हा प्रसंग शिकताना मला त्यातलं सौंदर्य दिसलं होतं. आता त्यातली रचना दिसते. गाणं एका विसरलेल्या बाईचं आहे आणि अस्वस्थता येते ती दुसऱ्याच विसरलेल्या बाईपायी. गाण्यानं दार वाजवलं, पण दाराशी कोण उभं आहे ते सांगितलं नाही. त्यासाठी पुढे एका कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडावी लागली. माझ्या बाबतीत ते काम एका ओल्या लेबलानं केलं.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या तरुणपणाचं गाणं पुन्हा सापडतं तेव्हा आपल्याला वाटतं की हरवलेलं सगळं परत मिळालं. पण ते गाणं कोऱ्या फितीवर भरलेलं नसतं. पंधराव्या वर्षाचं मन हे चालू टेपरेकॉर्डरसारखं असतं. ते आधी पुसतं आणि मग भरतं. घरातला सूर, बोली, आजीची चाल, वडिलांची आवड यांतलं बरंच काही त्या वयात बाजूला सारावं लागतं, तेव्हा कुठे स्वतःचा आवाज भरायला जागा होते. ही त्या वयाची गरज आहे; त्याबद्दल कुठल्याही मुलाला गुन्हेगार ठरवू नये. केसकरांसारख्या जाणत्या माणसालाही पोरांचं गाणं थांबवता आलं नाही, ते याच गरजेपुढे. पण पन्नाशीत तेच गाणं पुन्हा ऐकणाऱ्याची जबाबदारी वेगळी आहे. त्यानं गाण्याखाली काय होतं याचाही कानोसा घेतला पाहिजे. नाहीतर आपण आपल्याच तारुण्याचं अर्धं गाणं ऐकत राहू.

आणि खाली बघितलं तर कधी कधी फार अनपेक्षित नातं सापडतं. ज्या गाण्यांसाठी मी आजीचा आवाज पुसला, त्या ‘कयामत’च्या गाण्यांना संगीत आनंद-मिलिंद यांचं, आणि उदित नारायण, अलका याज्ञिक यांचे त्या वेळचे ताजे, कोवळे आवाज. ते सगळं मला माझ्याच वयाचं वाटायचं. शब्द मात्र मजरूह सुलतानपुरींचे होते. मजरूह यांचा जन्म 1919 चा. 1946 च्या ‘शाहजहान’पासून ते गाणी लिहीत होते आणि ‘कयामत’ आला तेव्हा सत्तरीला टेकले होते. माझी आजी त्यांच्याच वयाची. पंधरा वर्षांच्या पोरींच्या मनातलं जे मला वाटत होतं की घरातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला कळणार नाही, ते एका म्हाताऱ्या माणसानंच लिहिलेलं होतं. आजीलाही ते कळलं असतं. तिच्या ओव्यांत माहेर सोडून आलेली पोरगी होतीच. मी तिला कधी विचारलं नाही.

माझ्या आजीच्या ओव्या गेल्या, पण तिच्या जातकुळीच्या ओव्या वाचल्या आहेत, आणि ते काम करणाऱ्यांबद्दल कृतज्ञता व्यक्त केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी, आम्ही शहरात कॅसेटी भरत होतो त्याच 1980 च्या दशकात, महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाऊन बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या. पुढे बर्नार बेल यांच्या साथीनं हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या आज कुणालाही ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह. एखाद्या रात्री मी त्या ऐकत बसते. चाल तीच असते, घरघर तीच असते. एखादी बाई श्वास घ्यायला थांबली की मी उगाच सरसावून बसते, पुढचा आवाज आजीचा असेल म्हणून.

आता शेवटचं. त्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची. फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते, म्हणजे एका बाजूला सुमारे 86 मीटर फीत. नऊवारी लुगड्याच्या मापानं ती साडेदहा लुगडी होते. मी रेडिओवरून एकेक गाणं भरत 28 मिनिटं आणि 40 सेकंदांपर्यंत आले होते. उरलेल्या जागेत कुठलंच गाणं मावत नव्हतं, म्हणून तिथे थांबले. दुरुस्तीवाल्यांच्या टेबलाशी बसून मी शेवटचं गाणं ऐकलं. ते संपलं. बटण उचलल्याचा खट्ट आवाज आला. आणि त्यापाठोपाठ जात्याची घरघर.

80 सेकंद. सुमारे पावणेचार मीटर फीत, निम्म्या लुगड्याहूनही कमी. आजी दोन ओव्या पुऱ्या म्हणते. एक पंढरीच्या वाटेची आहे, एक भावाची. तिसरी सुरू होते आणि फीत संपते. माझं नाव कुठे येतं का, म्हणून मी कान देऊन पुन्हा पुन्हा ऐकलं. नातवंडांची नावं ती ओवीत गुंफायची. या दोन ओव्यांत माझं नाव नाही. पुसलेल्या 28 मिनिटांत असेल. किंवा नसेलही. ते आता कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं मी आयुष्यभर सांभाळायचं ठरवलं आहे.

नव्या कवचाच्या पाठीवरचे दोन्ही तुकडे मी त्याच टेबलाशी मोडले. दुरुस्तीवाल्यांनी विचारलं, आजीचं तेवढं वेगळं काढून देऊ का. मी नको म्हटलं. ती 28 मिनिटं 40 सेकंद आणि ही 80 सेकंद एकाच बाजूची आहेत, एकाच घरातली आहेत. सिनेमाचं गाणं आणि ओवी यांच्यामधला तो खट्ट आवाज माझ्या बोटाचा आहे; तोही राहू दे.

तुमच्या माळ्यावर असा एखादा डबा असेल तर तो या पावसाळ्याआधी खाली काढा. कॅसेट लावाल तेव्हा शेवटचं गाणं संपल्याबरोबर बंद करू नका, फीत संपेपर्यंत चालू द्या. आणि घरात पंधरा-सोळा वर्षांचं कुणी असेल, कानात काहीतरी घालून बसलेलं, तर त्याला हसू नका आणि थांबवूही नका. ते त्याचं भरत आहे. आपण आपलं गाणं घरात मोठ्यानं, मोकळेपणानं गुणगुणत राहावं, दाढी करताना, भाजी निवडताना. त्यातलं किती त्याच्यात उतरेल ते आपल्याला दिसणार नाही.

सरांना मी हे कधी सांगू शकले नाही. त्यांच्या त्या तासाची फी म्हणून, संयोजकांच्या परवानगीनं, मी आता ती कॅसेट इथं लावते. शेवटच्या गाण्याचं अखेरचं मिनिट, आणि त्यापुढचं. मधे कृपया टाळ्या वाजवू नयेत.

(यानंतर सभागृहात ध्वनिफीत ऐकवण्यात आली.)